काळ्या बॉनेटवरचं बोट

सासूला दारात उभी करून हातातल्या पाटल्या उतरवायला लावणारा जावई मी तरी दुसरा पाहिला नाही.

"मामी, आत यायचं असंल तर पाटल्या काढा," प्रल्हाद म्हणाला. "चप्पल पण बाहेर. डोक्याला तेल लावलंय काय?"

"अंघोळ पण केलीय. चालतंय का?"

"पदर घट्ट घ्या. केस पडायला नको."

मी माझ्याच कारखान्यात, मागच्या खोलीच्या दारात उभी होते. रस्त्यावरच्या पाटीवर 'ईश्वर पेंटर' लिहिलेलं होतं, ते ईश्वर म्हणजे माझा नवरा. त्या पाटीचा तांबडा रंग मी माझ्या हातानं मिळवलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकतीस वर्षं आम्ही गाड्या रंगवत होतो. पेंटर रंगाची बंदूक चालवायचे आणि रंग मी मिळवायचे. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण एखाद्या गाडीचं दार दाखवा, तीच छटा मी डब्यात करून देते. कारखान्यात अशी एक फूट जागा नव्हती जिथं मला कुणाला विचारल्याशिवाय पाय टाकता येत नव्हता. आणि हे जावई मला विचारत होते, तेल लावलंय काय.

पाटल्या काढल्या. कमरेला खोचल्या आणि आत गेले.

खोली कसली, आमची जुनी पत्र्याची शेड. प्रल्हादनं तिला चारी बाजूंनी प्लास्टिक मारलं होतं. वर ओळीनं ट्यूबलाइट. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं. मध्ये गूळ मार्केटातल्या भूपालअण्णा मगदुमांची नवी गाडी. काळी, कोरी. शोरूममधून सरळ आमच्याकडे आलेली. काळ्या रंगावर काही लपत नाही, पण त्या गाडीवर बघायला काही नव्हतंच. तिच्यात माझं तोंड मला दिसलं, कपाळावरच्या आठीसकट.

"तिसरा थर सकाळी दहाला दिला," तो म्हणाला. हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं. "आता उद्या सकाळपर्यंत कुणी आत यायचं नाही. मी पण नाही."

"छान आहे," मी म्हटलं. छान होतंच.

मी बाहेर निघाले तेव्हा त्यानं मागून हाक मारली.

"मामी, ह्या गाडीला बोट लावू नका."

"का?"

"थर ओला आहे. तुमचा हात आत्ता नको. आठ दिवसांनी..."

"कळलं," मी म्हटलं. पाटल्या हातात घातल्या आणि निघून आले. पुढं त्यानं काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मला ऐकायचं होतं तेवढं ऐकून झालं होतं.

हा प्रल्हाद माझ्या नणंदेचा मुलगा, कागलचा. लहानपणी याचं नाक मी पदरानं पुसलेलं. पेंटर गेले तेव्हा बाराव्याला आला आणि कारखाना उघडायला गडी माणूस नाही म्हणून राहिला. दोन वर्षांनी माझ्या वैजयंताशी त्याचं लग्न झालं. मामाची मुलगी, आमच्यात चालतं. त्या दिवसापासून मला त्याला अहो-जाहो करावं लागलं, आणि नावानं हाक मारायची तर बंदच झाली. त्यानं मात्र मला मामीच ठेवली.

लग्नानंतर तीन वर्षांनी तो सहा महिने पुण्याला राहून आला आणि येताना अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटल्या घेऊन आला.

"काय हे?" मी विचारलं होतं.

"कोटिंग."

"रंग?"

"रंग नाही. रंगाच्या वरचं. वाळलं की काचेसारखं होतंय. ऊन, चिखल, पाखरांची घाण, कशाचंच काही चालत नाही. तीन थर द्यायचे."

"दिसतंय का?"

"नाही."

"न दिसणाऱ्याचे थर तीन?"

"होय."

"मग दोनच दिले तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल," तो म्हणाला.

असा माणूस. याच्याशी भांडायचं तरी कसं? मी जोरात बोलले की हा हळू बोलतो. मी ताट आपटलं की हा उचलून ठेवतो.

ते काम मी बघितलं होतं, म्हणून सांगते. आधी गाडी धुवायची. मग मातीच्या मऊ गोळ्यानं पुसायची, म्हणजे रंगात रुतलेला कण न् कण निघतो. मग मशीननं पॉलिश. मग स्पिरिटनं पुसायची, की तेलाचा अंश नको. मग एवढ्याशा ठोकळ्याला मऊ कापड गुंडाळून त्यावर चार थेंब घ्यायचे आणि हातभर जागेत आधी आडवे, मग उभे फिरवायचे. थांबायचं. डांबरी रस्त्यावरच्या पाण्यात रॉकेल सांडल्यावर जसे रंग दिसतात तसे दिसायला लागले, की पुसायचं. लवकर पुसलं तर थर धरत नाही, उशिरा पुसलं तर डाग राहतो. हा घड्याळ समोर ठेवून बसायचा. पेंटर घड्याळ बघत नसत. ते बोटाची मागची बाजू रंगाजवळ न्यायचे, लावायचे नाहीत, आणि सांगायचे, "अजून नाही." पण थांबायचे दोघंही सारखंच. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

कोटिंगला गिऱ्हाईक येत नव्हतं. गाडीला न दिसणारी काच लावून घेणार कोण? पुण्याच्या एका शोरूमवाल्यानं त्याला नोकरीला बोलावलं होतं. वैजयंता एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, ते म्हणतात पाडव्यापर्यंत बघू. मगदूमअण्णांची गाडी मिळालीय. ती नीट गेली तर अख्खं गूळ मार्केट मागनं येईल. नाहीतर मग पुण्याला जाऊ."

"जाऊ म्हणजे कोण?"

"आम्ही."

"तू पण?"

"मी काय इथं बसू?"

एकुलती एक लेक. खरं सांगायचं तर मला दोन्ही पाहिजे होतं, जावयाची फजिती आणि लेक घरात. दोन्ही एका वेळी कसं मिळणार, याचा विचार मी केला नव्हता.

आता बोटाचं सांगते.

आमच्या कारखान्यातून पहिली जीप रंगवून निघाली तेव्हा पेंटर मला म्हणाले, "ये, बोट लाव." मी कुंकू पाण्यात कालवलं आणि करंगळीजवळच्या बोटानं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चार टिंबांसकट. मग प्रत्येक गाडीला काढत गेले. एकदा ते बोट एका ट्रकच्या दारात सापडलं, तेव्हापासून वरच्या पेराला वाकडं आहे. त्यामुळं माझ्या स्वस्तिकाची खालची डावी कड जरा बाहेर जाते. लोक ओळखायचे. हायवेवर टेंपो दिसला तर म्हणायचे, हा गोजराबाईंच्या हातचा.

पेंटर गेल्यावर पहिली गाडी निघाली ती एका टेंपोवाल्याची. मी डबी घेऊन पुढं झाले. त्याची म्हातारी आई सोबत आली होती. ती माझ्या जवळ आली आणि म्हणाली, "पोरीच्या हातनं लावा की. तुम्ही कशाला?"

ती वाईट बाई नव्हती. आवाजसुद्धा खाली ठेवला होता तिनं. वैजयंतानं स्वस्तिक काढलं. प्रल्हाद तिथंच खाली बसून बंपरचा नट आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या गाडीपासून मी रीत बदलली. गाडीवाला यायच्या आधीच बोट लावायचं. तो येतो तेव्हा बॉनेटवर स्वस्तिक असतंच. कुणी काढलं असं कुणी विचारत नाही. आमच्या घरातही त्यावर बोलणं होत नव्हतं. सहा वर्षं अशीच चालली होती. नवरा माझा गेला होता. बोट माझं जागेवर होतं.

आणि आता जावई म्हणाले, ह्या गाडीला तुमचा हात नको. मगदुमांची गाडी, मोठं घर, पाडव्याचा मुहूर्त. मला वाटलं, टेंपोवाल्याची म्हातारी परवडली. ती निदान परकी होती.

दुपारी एकला प्रल्हाद जेवायला घरात आला. घर कारखान्याला लागूनच. वैजयंता वाढत होती. मी म्हटलं, "माझं डोकं दुखतंय, मी पडते जरा." कुंकवाची डबी पदराखाली घेतली आणि मागच्या दारानं शेडकडे गेले.

पाटल्या काढल्या होत्या. चप्पलही बाहेर काढली. तेवढं मी पाळलं.

वाटीत कुंकू कालवून नेलं होतं. बॉनेटच्या मधोमध, गाडीच्या कपाळावर, स्वस्तिक काढलं. चार टिंबं दिली. बोटाखाली तो थर जरासा चिकट लागला, साखरेचा पाक वाळताना लागतो तसा. हात जोडले. मग थोडा वेळ उभी राहिले आणि पदराच्या टोकानं सगळं पुसून टाकलं. देवानं बघितलं होतं, जावयानं बघायची गरज नव्हती. ट्यूबच्या उजेडात वाकून पाहिलं. काही दिसत नव्हतं. बाहेर येऊन पाटल्या घातल्या आणि खरंच जाऊन पडले. झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. दारात गुढी उभी. आठाच्या सुमारास भूपालअण्णा आले. पांढरं धोतर, टोपी, सोबत घरची जुनी जीप आणि तिचा ड्रायव्हर. गाडी आधी जैन बस्तीत न्यायची, देवाच्या दारात उभी करायची, मग घरी, असं त्यांचं ठरलेलं. घरातल्या बायका आरती घेऊन थांबल्या होत्या.

"काय गोजराबाई, काच लावली म्हणं माझ्या गाडीला?"

"जावयांना विचारा. मला आत घेत नाहीत."

अण्णा हसले. वैजयंतानं त्यांच्या हातात चहा दिला. तोवर प्रल्हादनं शेडचं दार उघडलं आणि गाडी बाहेर उन्हात आणली. सकाळचं तिरकं ऊन बरोबर बॉनेटवर पडलं. अण्णा माझ्याजवळ, गाडीपासून दहाएक पावलांवर. प्रल्हाद खाली उतरला, पुढं आला आणि बॉनेटसमोर उभा राहिला.

तसाच उभा राहिला. मोजलं तर फार वेळ नसेल. मग तो मागं वळला, आत गेला आणि पॉलिशचं मशीन घेऊन आला. वायर लावली. बॉनेटवर खरखरीत पॉलिशचा गोळा टाकला आणि मशीन चालू करून मधोमध टेकवलं.

मला काही समजेना. घाबरला असेल असं वाटलं. कोरी गाडी, तीन थर, तीन दिवसांची मेहनत, आणि हा स्वतःच्या हातानं त्यावर मशीन घासत होता. वैजयंता पुढं धावली, "अहो, काय करताय?" त्यानं ऐकलं नाही. मशीन बंद केलं तेव्हा बॉनेटच्या मध्यावर परातीएवढा आंधळा डाग पडला होता. बाकीची गाडी आरशासारखी आणि मध्ये ते मोतीबिंदू आल्यागत.

अण्णांनी कपबशी खाली ठेवली.

"हे काय रे?"

"माझी चूक, अण्णा," प्रल्हाद म्हणाला. "तिसरा थर घाईनं दिला. धरला नाही. काढावा लागंल."

"काढावा लागंल म्हणजे? आज पाडवा आहे."

"चार दिवस द्या. पूर्ण बॉनेटवरचे थर उतरवून पुन्हा तीन थर देतो."

"चार दिवसांनी पाडवा येतोय का परत?" अण्णांचा आवाज चढला. "नवी गाडी तुझ्या हातात दिली. शोरूमवाला नको म्हणत होता. मी म्हटलं, ईश्वर पेंटरचा कारखाना आहे, घरचं माणूस आहे. घरी बायका आरती घेऊन उभ्या आहेत, त्यांना काय दाखवू, हे?"

प्रल्हाद मशीनची वायर गुंडाळायला लागला.

अण्णा माझ्याकडं वळले. "गोजराबाई, तुम्हीच सांगा. पेंटर असते तर असं झालं असतं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. वैजयंतासुद्धा.

"नसतं झालं," मी म्हटलं.

अण्णा जुन्या जीपमध्ये बसून गेले. जाताना म्हणाले, "चार दिवसांनी येतो. नाही जमलं तर गाडी उचलून नेतो, आणि मार्केटात सांगतो काय ते."

त्या दिवशी श्रीखंड कुणी खाल्लं नाही. संध्याकाळी वैजयंता त्याला विचारत होती, मी भिंतीपलीकडून ऐकत होते.

"खरंच घाई झाली?"

"होय."

"तुमची?"

"माझीच. सांगितलं की एकदा."

मग कपाट उघडल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी निळी बॅग भरून सोप्यात, दाराजवळ ठेवलेली. अण्णांची गाडी दिली की पुण्याला जायचं. बोललेला शब्द हा माणूस मोडत नाही. मी येता-जाता त्या बॅगेला वळसा घालायचे.

तीन दिवस तो शेडमध्ये होता. बॉनेटचा सगळा थर उतरवला. पुन्हा मातीचा गोळा, पुन्हा स्पिरिट, पुन्हा चार थेंब, आडवे, उभे, घड्याळ. मी अंगणातून त्याची पाठ बघायचे. घाई कुठं होती? पहिल्या वेळीही नव्हती. तिसरा थर देताना हा घड्याळ पुढं ठेवून बसला होता, मी डोळ्यांनी पाहिलेलं. ज्याला दोन थर दिले तरी कळंल तो तिसरा थर घाईनं देईल? आणि डाग असेल तर तो अण्णांना दाखवायचा सोडून त्यावर आधी मशीन का फिरवायचं?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेडच्या दारात गेले. कुणी सांगायच्या आधी पाटल्या काढल्या.

"जावई, एक विचारायचंय."

त्यानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"पाडव्याला उन्हात काय दिसलं तुम्हाला?"

"डाग."

"कसला?"

तो ठोकळ्याचं कापड बदलायला लागला.

"मी विचारते, कसला डाग?"

"स्वस्तिक होतं," तो म्हणाला. "काचेवर वाफ धरावी तसं. कुंकू पुसलं होतं, पण थरात उतरलं होतं. उन्हातच दिसायचं."

"वैजयंतानं काढलं असेल."

"खालची डावी कड बाहेर गेलेली, मामी."

मी बोट पदरात घेतलं. उगाच.

"मग अण्णांसमोर बोलला का नाहीत? मामीनं बोट लावलं, थर बिघडला, एवढंच बोलायचं होतं."

"आणि अण्णा काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, म्हातारीला अक्कल नाही."

"नाही," प्रल्हाद म्हणाला. तो हातातले मोजे काढायला लागला, एकेक बोट. "असं नसते म्हणाले. पाडव्याच्या दिवशी, नव्या गाडीला, विधवेनं बोट लावलं आणि गाडी बिघडली. हे म्हणाले असते. दुपारपर्यंत गूळ मार्केट, संध्याकाळपर्यंत उद्यमनगर. मग कुठल्या गाडीला तुम्ही बोट लावलं असतं? लपून पण लावू दिलं नसतं कुणी. त्या टेंपोवाल्याच्या आईच्या वेळी मी तिथं होतो, मामी."

बाहेर कुणीतरी पत्रा ठोकत होतं. त्यानं मोजे बाटल्यांशेजारी ठेवले.

"माझं काय, एक काम बिघडलं," तो म्हणाला. "दुसरीकडं दुसरं मिळतंय."

"आणि माझा हात नको म्हणालात ते?"

"थर ओला होता म्हणून. आठ दिवसांनी लावा म्हणत होतो. अण्णांना मीच सांगणार होतो, आठ दिवसांनी गाडी आणा, मामी बोट लावतील. तुम्ही पुढचं ऐकलंच नाही."

"बरं," मी म्हटलं. पाटल्या घातल्या आणि घरात आले.

चौथ्या दिवशी अण्णा आले. येतानाच कपाळावर आठ्या. प्रल्हादनं गाडी उन्हात आणली. बॉनेट असं झालं होतं की गुढी उतरवलेला मोकळा खांबसुद्धा त्यात सरळ दिसत होता. त्यानं तांब्याभर पाणी वर ओतलं. पाणी थांबलंच नाही. पाऱ्यासारखे गोळे झाले आणि घरंगळून खाली गेले. बॉनेट कोरडं.

अण्णा तीनदा गाडीभोवती फिरले. खाली बसून पाहिलं, उभं राहून पाहिलं. मग हसले.

"आता कसं! अरे, हेच पाडव्याला करायला काय झालं होतं?"

"घाई झाली माझी," प्रल्हाद म्हणाला.

मी मोजत होते. पाडव्याला अण्णांना, संध्याकाळी माझ्या लेकीला, आणि हे आता. माझी चूक होती आणि ती तिसऱ्यांदा तो आपल्या अंगावर घेत होता. आणि मी ओसरीवर उभी राहून ते घेऊ देत होते. माझं ओझं माझ्या नणंदेच्या पोरानं वाहायचं, इतकी मी काही गरीब झाले नव्हते.

"अण्णा," मी म्हटलं, "त्यांची घाई झाली नव्हती. आदल्या दिवशी ओल्या थरावर मी बोट लावलं. नको म्हणून सांगितलं होतं तरी लावलं. कुंकू आत उतरलं. तो डाग माझा. त्यांनी मशीन फिरवलं ते तुम्हाला दिसू नये म्हणून."

वैजयंतानं चहाचा ट्रे खाली ठेवला. प्रल्हादनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याचं घर पेटवलंय.

अण्णांनी बॉनेटकडं पाहिलं. मग माझ्या हाताकडं. मग कपाळाकडं.

"तरीच," ते म्हणाले.

एवढंच. किल्ली घेतली, गाडीत बसले. गाडी सुरू करून काच खाली केली आणि प्रल्हादला म्हणाले, "काम चोख आहे तुझं. भावाची गाडी पाठवतो." माझ्याशी बोलले नाहीत. गाडी गेली.

ते 'तरीच' अण्णांच्या गाडीपेक्षा जोरात पळालं. मार्केटात गेलं, उद्यमनगरात फिरलं, जिथं जायचं तिथं सगळीकडं गेलं. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आमच्याकडून निघालेल्या गाड्यांना वैजयंतानं बोट लावलं. काही लोक उघड सांगायचे, काही दारातच घुटमळायचे, मग मीच डबी तिच्या हातात द्यायचे. आता बारा वर्षं झाली. आता कुणी येतात आणि म्हणतात, तुम्हीच लावा. कुणी म्हणत नाहीत. मी कुणाला विचारत नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि प्रल्हाद तरातरा ओसरीवर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता.

"कशाला सांगितलंत, मामी? कशाला? मी निस्तरलं होतं ना सगळं! आता तुम्हाला कोण..."

डोळे पुसायचे तर हाताला पॉलिश लागलेलं. मी पदर पुढं केला नाही. आता मोठा झाला होता.

सोप्यातली निळी बॅग तिथून दिसत होती. वैजयंता तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभी होती. एकदा त्याच्याकडं बघत होती, एकदा माझ्याकडं.

मी पायरीवर बसले. पाटल्या सारख्या केल्या आणि त्याला म्हटलं, "तीन थर दिलेस खोट्याचे, आणि एकही धरला नाही. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस पुण्याला चार दिवस टिकायचा नाही. बॅग सोड, प्रल्हाद."